अण्णांची नळी निघेल का?

‘माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ८३ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते. वजन ४६ किलो. मागच्या भादव्यात हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसवला. पंपिंग ३० टक्के आहे, रक्त पातळ होण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. दिवाळीत सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चार दिवस पोट साफ नव्हतं. भाऊबीजेच्या रात्री लघवी पूर्ण बंद झाली. तालुक्याला नेलं, नळी घातली, साडेआठशे मिली लघवी निघाली. दुसऱ्या दिवशी नळी काढली, संध्याकाळी परत घालावी लागली. पंधरा दिवसांनी काढून पाहिली, पुन्हा तेच. मग प्रोस्टेटची गोळी सुरू केली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६८ ग्रॅम, किडन्यांना सूज नाही, किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.२. एक डॉक्टर म्हणतात, या हृदयाला भूल झेपणार नाही, नळी कायमचीच समजा. पुण्यातले एक डॉक्टर म्हणतात, हाताच्या नसेतून जाऊन प्रोस्टेटचं रक्त बंद करू, भूल लागत नाही. आणखी एकांनी वाफेचं सांगितलं. शेजारी म्हणतात, या वयात कशाला चिरफाड. अण्णा म्हणतात, ही नळी काढा नाहीतर मला मोकळं करा. रोज मारुतीच्या कट्ट्यावर बसायचे, आता पाच महिने उंबरा ओलांडलेला नाही. थोडं विसरतात, पण माणसं सगळी ओळखतात. आयुष्यभर गाडीवर लघवी दाबून ठेवली म्हणून हे झालं का? आम्ही काय निवडावं? आणि एक विचारते, मनात ठेवा. पिशवी मीच रिकामी करते. कधी कधी वाटतं, नळी निघावी असं मला वाटतं ते अण्णांसाठी, की माझी सुटका व्हावी म्हणून?’
– एक सून, सांगली जिल्हा

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सोबत पाठवलेली गोळ्यांची यादी शेजारी ठेवली होती. कुठला उपचार निवडावा असं तुम्ही विचारलंत, पण माझी नजर अडकली ती तारखांवर. नळी पहिल्यांदा काढली ती घातल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. दुसऱ्यांदा काढली ती पंधरा दिवसांनी. आणि प्रोस्टेटची गोळी सुरू झाली ती त्याच्याही नंतर. म्हणजे अण्णांना मिळालेल्या दोन्ही संधी गोळीशिवाय मिळाल्या, आणि पहिल्या वेळी तर कोठाही भरलेलाच होता. याला मी अण्णा नापास झाले असं म्हणणार नाही. त्यांची परीक्षाच नीट घेतली गेलेली नाही.

त्यामुळे पुण्याचं काय आणि वाफेचं काय, ते मी सांगणारच आहे, पण त्याच्या आधी एक पायरी राहून गेली आहे, ती चढू या.

लघवी का अडकते ते आधी थोडक्यात. मूत्राशय ही स्नायूची पिशवी. तिच्या तोंडाशी प्रोस्टेट ही ग्रंथी बसलेली असते आणि लघवीचा मार्ग तिच्या पोटातून जातो. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची. वय वाढतं तशी ती पुरुषांच्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली वाढत जाते आणि मधला मार्ग आवळत जातो. लघवी दाबल्यामुळे ती वाढत नाही. अण्णांनी तासन्‌तास डेपोपर्यंत कळ काढली असेल, पण हे त्याचं फळ नव्हे. हे त्यांना आवर्जून सांगा. आपल्याच नोकरीने आपला घात केला असं म्हाताऱ्या माणसाने मनात धरून बसू नये.

तर मार्ग अरुंद झालेलाच होता, पण काम चाललं होतं. मग दिवाळी आली. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. त्याच गोळीतलं झोप आणणारं, शिंका थांबवणारं औषध मूत्राशयाची ताकद मंदावतं. भरीला बद्धकोष्ठ. आतडं मलाने भरलं की ते पुढच्या बाजूला दाबतं. तिन्ही गोष्टी एका आठवड्यात आल्या आणि दार बंद झालं. साडेचारशे-पाचशे मिलीला माणसाला बसवत नाही, तिथे साडेआठशे साठली. इतका ताणलेला स्नायू दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागत नाही. त्याला विश्रांती लागते, कधी काही दिवस तर कधी काही आठवडे. अण्णांच्या मूत्राशयाला आता पाच महिन्यांची विश्रांती मिळाली आहे आणि गोळीही चालू आहे. तिसऱ्यांदा नळी काढून पाहायला याहून चांगली वेळ नाही.

मात्र त्याची तयारी हवी. तुमच्या यादीत रात्रीची एक छोटी गोळी आहे, पायांची आग आणि झोपेसाठी दिलेली, अमिट्रिप्टिलीन. तीसुद्धा लघवी अडकवणाऱ्या औषधांपैकी आहे आणि दिवाळीपासून आजपर्यंत रोज चालू आहे. ती तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा, ‘हिच्याऐवजी दुसरं काही देता येईल का?’ लघवीच्या डॉक्टरांना बहुधा या गोळीचा पत्ताच नसेल, कारण ती दुसऱ्या डॉक्टरांची. घरात तीन डॉक्टरांच्या तीन फायली असल्या की असं होतं. म्हणून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता. सर्दीची ती जुनी पट्टी सापडली तर तीही.

पोट रोज साफ होईल अशी सोय करा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य पातळ औषध दोन आठवडे नियमित द्या.

‘भरपूर पाणी पाजा’ असं तुम्हाला लघवीच्या विभागात सांगितलं असेल. पंपिंग ३० टक्के असलेल्या माणसाला ते तसंच्या तसं लागू करू नका. हृदयाच्या डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी सांगितलंय ते विचारा आणि त्याच मापात दिवसभर थोडं थोडं द्या. दोन विभागांचे दोन सल्ले घरी येऊन भांडतात ते असे, आणि निवाडा करायची वेळ तुमच्यासारख्या सुनेवर येते.

प्रोस्टेटची गोळी, टॅमसुलोसिन, रात्री जेवणानंतर द्या. तिने ग्रंथी लहान होत नाही, मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेला स्नायू सैल पडतो. पण तोच परिणाम रक्तवाहिन्यांवरही थोडा होतो. अण्णा रात्री अंथरुणातून एकदम उठले तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते आणि ४६ किलोच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला एक पडणं पुरतं. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं, हातात वॉकर. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं राहिलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. तिच्यामुळे डोळ्याची बाहुली नीट पसरत नाही आणि ऑपरेशनच्या वेळी त्रास होतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड अशी दुसरी एक गोळी मोठ्या ग्रंथीसाठी देतात. ती ग्रंथी खरोखर लहान करते, पण गुण यायला सहा महिने लागतात. ती सुरू झालेली दिसत नाही, विचारून घ्या.

नळी काढायची ती दवाखान्यात आणि सकाळी. म्हणजे दिवसभर पाहता येतं, रात्री दोन वाजता धावपळ होत नाही. लघवी झाल्यावर प्रत्येक वेळी मापात मोजतात आणि मग सोनोग्राफीने आत किती राहिली ते बघतात. थोडी मागे राहिली तरी घाबरायचं कारण नाही. किडनी ठीक असेल, त्रास होत नसेल तर या वयात तेवढं चालतं.

इतर वाचकांसाठी इथे एक धोक्याची खूण सांगून ठेवते. ज्या म्हाताऱ्या माणसाचं रात्री अंथरूण नकळत ओलं होतं, सोनोग्राफीत किडन्या सुजलेल्या दिसतात किंवा क्रिएटिनिन चढलेलं असतं, त्यांची लघवी बहुधा कित्येक महिने आत दाबाखाली साठत आलेली असते. त्यांची नळी ‘काढून बघू’ म्हणून काढायची नसते. अण्णांच्या किडन्यांना सूज नाही म्हणूनच मी त्यांच्याबाबत हे म्हणते आहे. तरीही १.२ या आकड्यावर फार विसंबू नका. क्रिएटिनिन स्नायूंपासून बनतं आणि अण्णांच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत. ८३ वर्षं आणि ४६ किलो धरून हिशेब केला की किडनीचं काम बरंच कमी निघतं. पुण्याच्या उपचारात एक्स-रेवर रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून ‘डाय’ नावाचं औषध सोडतात आणि त्याचा भार किडनीवर पडतो, त्यामुळे हा हिशेब तिथे फार कामाचा आहे.

तिसऱ्यांदाही लघवी झाली नाही, असं समजू या. मग?

मग आधी विचारायचं ते हे, की दोष ग्रंथीचा आहे की मूत्राशयाचा. दार अडलं आहे की आतून ढकलणारा हात दमला आहे? दोन्हीत लघवी अडकते, बाहेरून दिसतं सारखंच. ग्रंथीवर उपचार करून दार कितीही रुंद केलं तरी स्नायूच दमलेला असेल तर नळी निघेलच असं नाही. हे पाहण्यासाठी युरोडायनॅमिक म्हणून एक तपासणी असते. बारीक नळीने मूत्राशय हळूहळू भरतात आणि आतला दाब मोजतात. भूल लागत नाही. तिचा निकाल म्हाताऱ्या माणसांत नेहमी स्पष्ट येतो असं नाही, आणि स्नायू कमजोर दिसला तरी उपचारानंतर लघवी करू लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पण एवढा खर्च आणि एवढी दगदग करण्याआधी आशा किती धरायची ते तरी कळतं. पुण्याच्या आणि वाफेच्या, दोन्ही डॉक्टरांना सरळ विचारा, ‘अण्णांच्या मूत्राशयात ताकद आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?’ याचं उत्तर न देता जो तारीख देतो त्याच्याकडे घाई करू नका.

प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्त तपासणी कुणी केली असेल आणि आकडा मोठा आला असेल तर लगेच कॅन्सरच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका. लघवी तुंबणं, नळी घालणं, संसर्ग यांनी तो चढतो. काही आठवडे जाऊ देऊन पुन्हा करतात.

आता पुण्याचं. याला प्रोस्टेटच्या धमनीचं एम्बोलायझेशन म्हणतात. ते करतात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर पाहत रक्तवाहिन्यांतून काम करणारे डॉक्टर. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीत सुई घालतात, तेवढीच जागा बधिर करून. तिथून दोऱ्यासारखी बारीक नळी ओटीपोटात, तिथून तिच्याहून बारीक नळी प्रोस्टेटला रक्त देणाऱ्या धमनीत. मग वाळूच्या बारीक कणांसारखे गोल मणी सोडतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे. रक्त अडलं की ग्रंथी काही आठवड्यांत आक्रसते आणि मऊ पडते. २०१० साली ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टरांनी या उपचाराचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हाचे दोन्ही रुग्ण लघवी पूर्ण अडकून नळीवर असलेलेच होते. २०१८ मध्ये कोणते उपचार करावेत याचा सल्ला देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनेही हा उपचार नेहमीच्या देखरेखीत करायला हरकत नाही असं म्हटलं. म्हणजे तुम्हाला सांगितलं ते काही भलतंच नाही. नळीवरच्या रुग्णांत निम्म्याहून बऱ्याच जास्त जणांची नळी या उपचाराने निघते.

अण्णांसाठी त्यात खरा फायदा दिसतो. भूल नको आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. स्टेंटला सात महिने झालेत, हार्ट अटॅकनंतरच्या स्टेंटला या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात. त्या मधेच बंद केल्या तर स्टेंट तुंबू शकतो, आणि तो धोका नळीच्या त्रासाहून फार मोठा आहे.

पण पुण्याला जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, अण्णा उताणे सपाट किती वेळ झोपू शकतात? हे काम तासाभरात होतं तसं तीन तासही चालतं. पंपिंग कमी असलेल्या कित्येकांना सपाट झोपलं की धाप लागते. घरीच एक दुपार उशी काढून झोपवून बघा, हे डॉक्टरांच्या खोलीत कळत नाही. दुसरी, ते डाय किडनीला किती झेपेल, आणि वर म्हटलेला हिशेब त्यांनी केला का? तिसरी, या वयात धमन्या कडक आणि वाकड्यातिकड्या झालेल्या असतात, त्यामुळे कधी एकाच बाजूचं काम होतं, तर कधी आत जाताच येत नाही. तसं झालं तर पुढे काय ते आधीच बोलून ठेवा. मणी चुकून शेजारच्या नसेत गेले तर मूत्राशयाला किंवा गुदाशयाला इजा होऊ शकते. ते क्वचित घडतं, पण अनुभवी हातात आणखी कमी, म्हणून ‘तुम्ही नळीवरचे असे किती रुग्ण केलेत?’ हे विचारायला संकोच नको. नंतर चार-आठ दिवस ओटीपोटात दुखणं, जळजळ, बारीक ताप असतो. आणि नळी त्याच दिवशी निघत नाही, दोन ते चार आठवड्यांनी काढून बघतात. हे अण्णांना आधी सांगा. नाहीतर पुण्याहून नळी घेऊनच परत आले म्हणून ते खचतील.

वाफेच्या उपचारात लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीत सुईने पाण्याची वाफ सोडतात, एका जागी ९ सेकंद. वाफेने ते पेशीजाल मरतं आणि शरीर ते हळूहळू शोषून घेतं. वेळ थोडा लागतो, जागा बधिर करून आणि थोडी गुंगी देऊन जमतं, आणि ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ते बनवलेलं आहे, म्हणजे अण्णांची त्यात बसते. पण नंतर ग्रंथी आधी सुजते आणि मग आक्रसते, त्यामुळे नळी काही आठवडे राहतेच, आणि या काळात जळजळ, अधूनमधून लालसर लघवी. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू असताना ते करायला तयार आहात का, हे त्या डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. मोठ्या शहरांत मोजक्याच ठिकाणी हे होतं.

ग्रंथी बाजूला ओढून धरणारे टाके आणि मार्गात ठेवायची स्प्रिंग हेही प्रकार आहेत. अण्णांसाठी मी त्यांच्या मागे लागणार नाही.

राहिलं ऑपरेशन. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडणं किंवा लेझरने सोलून काढणं हाच आजही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. ‘भूल झेपणार नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आजच्या घडीला ते बरोबरच बोलताहेत. पण ते आजचं उत्तर आहे, कायमचं नाही. स्टेंटला वर्ष झालं, एक गोळी कमी झाली, औषधांनी पंपिंग थोडं सुधारलं, की कमरेखालची भूल देऊन लेझरने करता येईल का, हे पुन्हा विचारता येतं. पाच-सहा महिने नळीवर काढणं हाही एक विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. ऑपरेशनला नाही म्हणायला ८३ हा वयाचा आकडा एकटा पुरत नाही. डॉक्टर पाहतात ते हे, की माणूस स्वतः उठतो-बसतो का, चार पावलं चालतो का, वजन घटतंय का, डोकं जागेवर आहे का. अण्णांचं वजन ही त्यातली मोठी अडचण आहे. दूध, अंडं, डाळ, दाण्याचं कूट, जे आवडेल ते दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पुढे कुठलाही उपचार झाला तरी हे उपयोगी पडेल.

माझा कौल विचाराल तर असा. आधी नीट तयारीने तिसरा प्रयत्न. तो फसला तर मूत्राशयाची तपासणी. ताकद दिसली आणि अण्णा सपाट झोपू शकले तर एम्बोलायझेशन. ताकद अगदीच नसेल तर पैसे आणि अण्णांचा जीव, दोन्ही शिणवू नका.

पैशांचं लिहायला तुम्ही संकोचलात, म्हणून मीच लिहिते. अण्णा सत्तरीच्या पुढचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. दुर्बिणीच्या ऑपरेशनसारखे जुने उपचार योजनेत असतात. एम्बोलायझेशन किंवा वाफ बसते का ते त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडून, भरती होण्याआधी विचारून घ्या, नंतर नको.

आता नळी राहिली तर. याला मी हार म्हणत नाही, कारण माझ्या वडिलांना शेवटची तीन वर्षं नळी होती आणि त्यातली दोन वर्षं बरी गेली. जे वाईट गेलं ते आमच्या अज्ञानामुळे. एकदा एका रुग्णालयात नळी बदलून आणली. रात्री ते कण्हत होते, म्हटलं नवीन नळी आहे, होईल सवय. सकाळी धोतर बाजूला केलं तर टोक जांभळं, सुजून फुगलेलं. नळी घालताना मागे केलेली कातडी पुढे आणायची राहून गेली होती आणि तिचाच फास बसला होता. मी डॉक्टर, आणि रात्रभर शेजारच्या खोलीत होते. बापाच्या त्या जागी पाहायचं कसं, या लाजेपायी मी पाहिलं नाही. ताई, नळी बदलून घरी आलात की पहिलं काम तेवढं करायचं, किंवा यजमानांना करायला लावायचं. रोज आंघोळीला कातडी हलकेच मागे, साबण-पाण्याने धुणं, आणि आठवणीने पुन्हा पुढे.

नळी मांडीला पट्टीने बांधा, थोडी ढिली ठेवून, म्हणजे उठताना ओढ बसणार नाही. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको. साध्या रबरी नळीऐवजी सिलिकॉनची घाला. महाग पडते, पण तीन आठवड्यांऐवजी तीन महिन्यांपर्यंत चालते, म्हणजे वर्षातून सतरा वेळांऐवजी चार-पाच वेळा ते दुखणं. लघवी गढूळ दिसली, वास आला, लॅबने जंतू आहेत असं लिहिलं, तरी अण्णांना ताप नसेल, थंडी नसेल, बडबड किंवा गुंगी नसेल तर अँटिबायोटिक देऊ नका. नळी असलेल्या प्रत्येकाच्या लघवीत काही दिवसांनी जंतू असतातच. औषधांचा मारा केला की पुढे खऱ्या तापाला औषध लागू पडत नाही. कधी पिशवी जांभळी झालेली दिसली तर भिऊ नका. बद्धकोष्ठ असलेल्या म्हाताऱ्या माणसांत जंतूंमुळे तो रंग येतो. डॉक्टरांना दाखवा आणि पोट साफ ठेवा. मात्र पिशवीत चार तास थेंब नाही आणि ओटीपोट दुखतंय, किंवा थंडी वाजून ताप, किंवा रक्ताच्या गाठी, किंवा अण्णा अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर रात्र असली तरी निघा.

मार्गातली नळी सहन होत नसेल तर बेंबीखाली पोटातून छोटं छिद्र करून मूत्राशयात नळी घालता येते. बसायला, धुवायला, बदलायला ती सोपी पडते. पण अण्णांच्या दोन गोळ्यांवर तेवढ्या छिद्राचंही रक्तस्रावाचं भय आहे, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. पिशवीऐवजी नळीच्या टोकाला छोटी तोटी लावायचीही सोय आहे, दर तीन तासांनी उघडायची. अण्णांच्या विसरण्यामुळे ती दिवसभर त्यांच्या भरवशावर नको, पण कट्ट्यावरच्या दोन तासांपुरती चालेल का ते डॉक्टरांना विचारा. तेही नको म्हणाले तर पोटरीला बांधायची छोटी पिशवी मिळते, धोतराखाली ती दिसत नाही.

तुमच्या पत्रात तीन डॉक्टर आहेत, शेजारी आहेत, तुम्ही आहात. अण्णांचं म्हणून एकच वाक्य आहे, ‘मला मोकळं करा’. हे मरणाबद्दलचं बोलणं म्हणून ऐकू नका, पण झटकूनही टाकू नका. संध्याकाळी शेजारी बसून विचारा, ‘अण्णा, नळीचं नेमकं काय नको वाटतं? दुखतं? लोक बघतील? माझ्या हातून करून घ्यायला लाज वाटते?’ उत्तर दुखण्याचं आलं तर नळी बदलू. लाजेचं आलं तर पिशवी रिकामी करायचं काम उद्यापासून त्यांच्या मुलाचं. आणि एवढं सांगून विचारा, की पुण्याला जायचं का. माणसं ओळखणाऱ्या, थोडं विसरणाऱ्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल ठरवता येतं. सावकाश सांगावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं लागतं, एवढंच.

तुम्ही मनात ठेवा म्हणालात त्याबद्दल. तुमची सुटका व्हावी असं तुम्हाला वाटतं, यात काहीच पाप नाही. पाच महिने दिवसातून चार वेळा ती पिशवी तुम्ही उपसता आहात. दोन्ही इच्छा एकाच वेळी खऱ्या असतात, अण्णांसाठी आणि स्वतःसाठीही. यजमानांना हे पत्र वाचायला द्या. रात्रीची आणि पहाटेची पिशवी त्यांची, हे आजच ठरवा. हातमोजे, साबण आणि एक जुना मग, यापलीकडे त्याला काही लागत नाही.

आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचं एक काम. जुन्या लुंगीच्या कापडाची नाडी असलेली एक थैली शिवा, लघवीची पिशवी मावेल एवढी, खाली तोटीपुरतं भोक ठेवून. माझ्या आईने वडिलांसाठी अशा दोन शिवल्या होत्या, एक धुवायला एक वापरायला. वॉकरच्या खालच्या दांडीला ती टांगली की कापडी पिशवी घेऊन माणूस बाजारात निघाल्यासारखं दिसतं. ऊन उतरलं की अण्णांना घेऊन कट्ट्यापर्यंत जाऊन या.